मागून येणाऱ्याची जबाबदारी

शहापूर तालुक्यातील खर्डी हे गाव दोन मार्गांच्या काठी वसलेले आहे. एक मध्य रेल्वेचा कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग आणि दुसरा मुंबई-आग्रा महामार्ग. नाशिकचा कांदा, द्राक्षे आणि भाजीपाला, उत्तरेकडून येणारा कारखान्यांचा माल, बंदराकडे निघालेले कंटेनर, सुटीच्या दिवशी घाट चढणाऱ्या मुंबईच्या मोटारी, हे सारे याच परिसरातून जाते. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणीही याच तालुक्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहत बसतात. येथून जे जाते ते वेगाने जाते. जे येथेच राहते ते पुष्कळदा पायी किंवा सायकलवर चालते. या दोन वेगांची गाठ रस्त्याच्या डाव्या कडेला पडते, आणि तेथे एका साध्या माणसाच्या जिवाचा प्रश्न रोज उभा राहतो. पुढे पाहत पायडल मारणाऱ्या त्या माणसाला आपल्या पाठीमागून काय येत आहे हे दिसत नाही.

वर्तमानपत्रांतून या प्रश्नाला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार’ हे त्या ओळींचे ठरलेले शीर्षक असते. वाहन अज्ञात राहते आणि थोड्याच दिवसांत मेलेला माणूसही अज्ञात होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ४,८३६ सायकलस्वार होते. त्याच वर्षी धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांनी ३०,४८६ जणांचे प्राण घेतले. टकरींच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून बसणाऱ्या धडकेचा होता. या आकड्यांना अपघात म्हणून सोडून देणे सोयीचे असते, कारण अपघात या शब्दात कोणाचीच जबाबदारी येत नाही. वस्तुतः यातील बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात आणि ते कसे टाळावेत याचे ज्ञानही उपलब्ध आहे. ते रस्त्यावरच्या सायकलस्वारापर्यंत पोहोचलेले नाही, आणि रस्ता बांधणाऱ्यांनी ते बाजूला ठेवले आहे.

सायकल चालवतो कोण, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शहरांत अलीकडे सायकल ही आरोग्याची आणि छंदाची वस्तू झाली आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु देशाच्या हिशेबात सायकल हे अजूनही श्रमाचे साधन आहे. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामगार कामावर कसे जातात याची नोंद झाली होती. असे सुमारे २० कोटी कामगार होते. त्यांपैकी सुमारे २ कोटी ६३ लाख, म्हणजे १३ टक्के, सायकलने जात होते. मोटारीने जाणारे ५४ लाख, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतरच्या वर्षांत हप्त्यावर घेतलेल्या मोटरसायकली गावोगाव दिसू लागल्या हे खरे. पण त्यामुळे प्रश्न सुटला नाही, उलट तो अधिक गरीब माणसांचा झाला. ज्याला हप्ता परवडत नाही तो मजूर, ज्याचे वय झाले तो शेतकरी, वीटभट्टीवर जाणारा कातकरी आणि शाळेत जाणारी मुले-मुली एवढेच आता सायकलवर उरतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेमुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ एकतृतीयांशाने वाढली, असे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. मुलीला सायकल देणाऱ्या शासनाने तिला ज्या रस्त्यावर पाठवले त्या रस्त्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

मागून येणाऱ्या धोक्याचे स्वरूप थोड्या अंकगणिताने स्पष्ट होते. सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहे आणि मागून ट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने येत आहे असे धरू. चौपदरी महामार्गावर मालवाहू वाहनांसाठी केंद्राने २०१८ साली ठरवलेली कमाल मर्यादा हीच आहे. म्हणजे येथे कायदाभंग गृहीत धरलेला नाही. दोहोंच्या वेगातील फरक ताशी ६५ किलोमीटर, अर्थात सेकंदाला १८ मीटर होतो. रात्री खाली केलेल्या दिव्यांच्या प्रकाशात गडद कपडे घातलेला, दिवा नसलेला माणूस सुमारे ५० मीटरांवर दिसू लागतो. म्हणजे दोघांच्या हाती तीन सेकंदही नाहीत. दिसले ते काय आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, आणि तेवढ्यात मधल्या अंतरातील २७ मीटर संपतात. उरलेल्या २३ मीटरांत वेग सायकलीइतका खाली आणावयाचा तर चांगल्या ब्रेकलाही सुमारे ३२ मीटर लागतात. उजवीकडची मार्गिका मोकळी असली तर चालक गाडी वळवील. तेथे दुसरे वाहन असले तर जागा आठ-दहा मीटरांनी कमी पडते. माणसाचा जीव त्या आठ-दहा मीटरांत जातो.

हेच गणित दोन बाजूंनी बदलता येते. सायकलच्या मागे लाल परावर्तक आणि दिवा असेल आणि त्यामुळे ती १५० मीटरांवरून दिसली, तर तीन सेकंदांचे आठ सेकंद होतात. दुसरीकडे, वस्तीजवळ ट्रकचा वेग ताशी ५० किलोमीटरवर आणला तर त्याच अंधारात, त्याच दिव्यांत, २५ मीटरांच्या आत वेग सायकलीइतका होतो आणि धडक टळते. पहिला उपाय सायकलस्वाराच्या हातात आहे, दुसरा समाजाच्या. आपल्याकडे पहिल्याचा उपदेश फार होतो आणि दुसऱ्याची चर्चा होत नाही. तरीही पहिल्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. रस्ता सुधारेपर्यंत माणसे जिवंत राहिली पाहिजेत, म्हणून सायकलस्वाराने काय करावे हे तपशिलाने सांगणे कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते.

पहिली गोष्ट दिसण्याची. एके काळी पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात रात्री दिव्याशिवाय सायकल चालवणाऱ्याला पोलीस अडवीत आणि दंड करीत. त्या कायद्याची आठवण आता विनोदापुरती उरली आहे. परंतु त्यामागचा विचार शहाणपणाचा होता. जुन्या सायकलींच्या मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल काच असे, तीही याचसाठी. आजही सर्वांत स्वस्त संरक्षण तेच आहे. मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक, दोन्ही पायडलांना पिवळे परावर्तक, कॅरिअरच्या दांड्यांना आणि मागच्या फोर्कला चकाकणाऱ्या पट्ट्या, आणि शक्य असेल तर मागे एक लाल दिवा. पायडलावरचे परावर्तक वरखाली हलतात; त्यामुळे समोर स्थिर दगड नसून चालता माणूस आहे हे चालकाला लांबूनच कळते. पाठीवरच्या दप्तराला किंवा सदऱ्याला पट्टी लावली तर तीही उपयोगी पडते. पाण्याचे कॅन, गवताचा भारा किंवा भाजीची पाटी मागे बांधली की परावर्तक झाकला जातो. अशा वेळी पट्टी भाऱ्यावरच लावावी. पावसाळ्यात काळ्या इरल्याखाली किंवा काळ्या रेनकोटखाली माणूस पूर्णपणे नाहीसा होतो. म्हणून सदरा शक्यतो फिकट आणि रेनकोट पिवळा असावा. २०२० साली केंद्राने सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. परंतु नव्या सायकलीबरोबर आलेला परावर्तक वर्षभरात तुटतो, आणि जुनी सायकल हातोहात विकली जाते ती त्याच्याशिवायच.

दुसरी गोष्ट रस्त्यावरच्या जागेची. घाबरलेला सायकलस्वार डांबराच्या अगदी कडेला जातो आणि तेथेच फसतो. साइडपट्टी खचलेली असते, डांबर आणि माती यांत वीतभर उंचीचा फरक पडतो, कडेला खडी आणि काचा साचतात. मागून हॉर्न वाजला की दचकून हँडल वळते, पुढचे चाक खाली उतरते, ते पुन्हा वर चढवताना तोल जातो आणि माणूस रस्त्याच्या आत, चाकांच्या दिशेने पडतो. म्हणून अरुंद रस्त्यावर डांबराच्या कडेपासून हातभर आत राहावे आणि सरळ रेषेत चालावे. सरळ रेषा हे सायकलस्वाराचे मोठे संरक्षण आहे. मागच्याला त्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो. महामार्गावर पक्की, सलग साइडपट्टी असेल तर पांढऱ्या रेषेच्या डावीकडे, त्या पट्टीवरूनच जावे. मोरी, पूल किंवा बंद पडून उभा असलेला ट्रक यांच्यापाशी ती पट्टी संपते. तेथे एकाएकी आत शिरण्यापेक्षा आधीच मागे पाहावे, हाताने खूण करावी आणि मागची वाहने जाऊ देऊन मग पुढे व्हावे. जागा अगदीच कमी असली तर उतरून सायकल हातात धरण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट कानाची आणि मानेची. मागून येणारे वाहन डोळ्यांपूर्वी कानाला कळते. म्हणून दोन्ही कानांत यंत्रे घालून महामार्गावर सायकल चालवणे हे डोळे मिटून चालण्यासारखे आहे. पण कानावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. ट्रकच्या आवाजामागे मोटरसायकलचा आवाज बुडून जातो आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या जवळजवळ आवाज न करता येतात. उजवीकडे सरकण्यापूर्वी मान वळवून मागे पाहण्याची सवय हवी, आणि पाहताना हँडल सरळ ठेवण्याचा सराव मोकळ्या मैदानात करून घ्यावा. शाळेच्या पटांगणात अर्ध्या तासात मुले हे शिकतात. हँडलला उजव्या बाजूस छोटा आरसा लावला तर काम सोपे होते. एक वाहन पुढे गेले की धोका संपला असे समजू नये. ट्रकमागे दबा धरून असलेले दुसरे वाहन त्याच क्षणी बाहेर पडते. अवजड वाहन जवळून जाते तेव्हा त्याच्या तोंडाशी असलेली हवा सायकलस्वाराला प्रथम बाहेर ढकलते आणि वाहन निघून जाताच आत ओढते. याची कल्पना असलेला माणूस हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरतो, कोपर सैल ठेवतो आणि तोल सांभाळतो. एकमेकांशेजारी गप्पा मारीत जाणाऱ्या शाळकरी मुलांनी वाहन ऐकू येताच एकामागोमाग व्हावे. उजवीकडे वळावयाचे असेल तर महामार्गावर हात दाखवून मध्ये घुसू नये. डाव्या कडेला थांबून, उतरून, दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडावा.

मागून येणाऱ्या वाहनाच्या भीतीने काही जण उलट्या दिशेने सायकल चालवतात. येणारे वाहन समोर दिसले म्हणजे सुरक्षितता वाढली असे त्यांना वाटते. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने उजव्या कडेने, वाहनांकडे तोंड करून चालावे. सायकलच्या बाबतीत मात्र ते घातक ठरते. वेगांची वजाबाकी होण्याऐवजी बेरीज होते. ताशी ६५चा फरक ९५चा होतो, आणि फाट्यावरून रस्त्यावर येणारा चालक त्या दिशेला पाहतही नसतो. तथापि उलट्या बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाला बेशिस्त म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. महामार्गाला दुभाजक आला, की कालपर्यंत पन्नास पावलांवर असलेले शेत दुभाजकातील पुढच्या फटीपर्यंत जाऊन परत येण्याच्या अंतरावर जाते. मोटारीला हे अंतर दोन मिनिटांचे, सायकलस्वाराला ते पाव तासाचे. ज्याने हा दुभाजक आखला त्याने गावकऱ्याच्या पायांचा हिशेब मांडला नव्हता. गावकरी तो हिशेब उलट्या दिशेने जाऊन मांडतो आणि त्याची किंमत कधी कधी जिवाने देतो.

येथवर सांगितले ते सायकलस्वाराचे कर्तव्य झाले. पण त्याने हे सारे केले तरी एक गोष्ट त्याच्या हाती येत नाही. मागून येणारा पाहतो आहे की नाही, थांबणार आहे की नाही, हे तो ठरवू शकत नाही. ज्याच्याकडे दृष्टी आहे, वेग आहे आणि वजन आहे, त्याच्याकडे जबाबदारीही असली पाहिजे, हा न्यायाचा साधा नियम आहे. भारतीय रस्त्यावर याच्या उलट रूढी पडली. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे ट्रकच्या पाठीवरचे तीन शब्द त्या रूढीचे सार आहेत. मागच्याने हॉर्न वाजवावा आणि पुढच्याने वाट सोडावी. व्यापारी वाहनांवर ते शब्द लिहिण्यास महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मनाई केली, पण शब्द गेले तरी मनातील समजूत गेली नाही. हॉर्न वाजवला म्हणजे आपले काम संपले, यापुढे काय होईल ते पुढच्याचे नशीब, असे चालकाला वाटते. हॉर्न हा इशारा आहे. तो रस्त्याचा मालकी हक्क नव्हे.

अन्य देशांनी हा प्रश्न सदिच्छेवर सोडलेला नाही. फ्रान्समध्ये सायकलस्वाराला मागे टाकताना शहरात एक मीटर आणि शहराबाहेर दीड मीटर अंतर ठेवावे लागते. जर्मनीने २०२० पासून हे अंतर वस्तीत दीड आणि वस्तीबाहेर दोन मीटर असे ठरवले. स्पेनमध्ये किमान दीड मीटर आहे. तेवढी जागा नसेल तर मागच्याने मागेच थांबावयाचे, असा याचा अर्थ. आकडा असला की पोलिसाला तपासता येतो, न्यायालयाला वापरता येतो आणि परवाना मागणाऱ्याला शिकवता येतो. ‘पुरेसे अंतर’ या शब्दांचा अर्थ मात्र प्रत्येक चालक आपापल्या घाईप्रमाणे लावतो.

चालकाविषयी बोलताना एक सावधगिरी हवी. ट्रकचालक हाही श्रमिकच आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्याला दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास काम ठरवून दिले. पण लांब पल्ल्याच्या वाहतुकीत वेळेवर माल पोहोचवण्याच्या अटीपुढे तो कायदा दुबळा ठरला. झोप न झालेल्या माणसाचे दीड सेकंद अडीच सेकंद होतात, आणि वर मांडलेल्या गणितात त्या एका सेकंदाची किंमत १८ मीटर आहे. अपघातानंतर पळून जाणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी तिच्याविरुद्ध संप केला आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली ती हे उपकलम वगळून. पळणारा चालक शिक्षेला भितो तसाच जमावाच्या मारालाही भितो. शिक्षा वाढवून हे भय वाढेल. माल पाठवणाऱ्या मालकाच्या वेळापत्रकाला हात लावल्याशिवाय थकवा कमी होणार नाही. सायकलस्वार आणि ट्रकचालक यांना परस्परांचे शत्रू म्हणून उभे करणारी व्यवस्था दोघांच्याही श्रमावर चालते, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

मूळ प्रश्न रस्त्याचा आहे. वडप्यापासून गोंद्यापर्यंतचा महामार्ग चौपदरी झाला तो गावकऱ्यांच्या जुन्याच रस्त्यावर. बाजार, शाळा, दवाखाना, रेल्वे स्थानक यांना जोडणारी गावाची वाट आणि देशाची मालवाहतूक यांना एकाच डांबरावर आणले गेले. समृद्धी महामार्गाची गोष्ट निराळी आहे. ५ जून २०२५ रोजी त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो, त्यावर सायकलींना आणि दुचाकींनाही मज्जाव आहे, आणि तो योग्य आहे. कारण तो कोणाच्याही जुन्या वाटेवर बांधलेला नाही. जुन्या महामार्गावर मात्र असा मज्जाव म्हणजे गावाला त्याच्याच रस्त्यावरून हाकलणे होय.

ही भीती काल्पनिक नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८(१अ) घालण्यात आले. त्यानुसार सार्वजनिक ठिकाणी आणि राष्ट्रीय महामार्गांवर पादचारी व बिगरमोटार वाहने यांच्या वावराचे नियम राज्य सरकारांना करता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम करण्यासाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत घालून दिली. न्यायालयाचा हेतू दुर्बलांच्या रक्षणाचा आहे. परंतु कलमातील ‘वावराचे नियमन’ हे शब्द दुधारी आहेत. त्यांतून सायकलसाठी वेगळी पट्टी निर्माण होऊ शकते आणि सायकलवर बंदीही येऊ शकते. फलक लावणे स्वस्त असते, पट्टी बांधणे महाग असते. यंत्रणेचा कल कोणीकडे झुकेल हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको. म्हणून या नियमांत तीन गोष्टी शब्दशः असल्या पाहिजेत. जेथे पर्यायी सर्व्हिस रोड नाही तेथे सायकलला बंदी करता येणार नाही. सायकलस्वाराला मागे टाकताना किमान दीड मीटर अंतर ठेवले पाहिजे. आणि गावाच्या दोन्ही बाजूंना ठराविक अंतरापर्यंत वाहनांचा वेग ताशी ५० किलोमीटरवर आणण्यासाठी फलकाबरोबरच रस्त्याची रचनाही बदलली पाहिजे.

खर्डीसारख्या गावाची मागणी फार मोठी नाही. वस्तीलगत दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड, फाट्यांवर आणि बस थांब्यांवर दिवे, खचलेल्या साइडपट्ट्यांची दर पावसाळ्यानंतर दुरुस्ती, गुरे, माणसे आणि सायकली यांना महामार्गाखालून जाता येईल असे बोगदे, आणि कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांसाठी वेगळा तळ. कल्याण-मुरबाड-माळशेज किंवा शहापूर-किन्हवली यांसारख्या रस्त्यांवर निदान पक्की साइडपट्टी आणि कडेची ठळक पांढरी रेषा एवढे तरी झाले पाहिजे. महामार्गावर टोल भरला जातो तो वेगासाठी. त्या वेगाने निर्माण केलेल्या धोक्याचे निवारण हाही त्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर आज वेगाचा नफा एकाला मिळतो आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या घरातून वसूल होतो. मेलेल्या कर्त्या माणसाच्या कुटुंबाने भरलेला हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा नेदरलँड्सने दिला आहे. आज सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या देशात १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ अशी घोषणा घेऊन पालक आणि नागरिक रस्त्यावर उतरले. पुढे १९७३च्या तेलसंकटाने त्यांच्या मागणीला बळ दिले आणि सरकारला सायकलींसाठी वेगळ्या वाटा बांधाव्या लागल्या. तेथील माणसे जन्मतः शिस्तप्रिय होती म्हणून हे घडले नाही. लोकांनी रस्त्याला राजकारणाचा विषय केला म्हणून घडले.

आणि अपघात झालाच, तर त्यानंतरचे काम कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. धडक देणारे वाहन सापडले नाही तरी भरपाई मिळते, हे गरीब कुटुंबांना कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद आहे. पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. त्यासाठी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जासाठी पोलिसांचा प्रथम माहिती अहवाल आणि वैद्यकीय कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपली पाहिजेत. वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ अन्वये कायद्याचे संरक्षण दिले आहे. त्याला साक्षीसाठी वेठीस धरता येत नाही. हे एक वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर लिहून लावले तरी काही जीव वाचतील.

मोठ्या लढ्यांच्या तुलनेत परावर्तकाची पट्टी ही क्षुल्लक बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एका शाळेपासून आरंभ करून पाहावा. पावसाळ्यापूर्वी शाळेतील सर्व सायकली एका दिवशी तपासाव्यात. ब्रेक, घंटी, मागचा परावर्तक पाहून घ्यावा आणि पट्ट्या लावून द्याव्यात. मान वळवून मागे पाहण्याचा आणि सरळ रेषेत चालण्याचा सराव मुलांकडून करून घ्यावा. गावाजवळचे खचलेले कडे, बंद दिवे, दुभाजकातील फटी आणि मागील अपघातांच्या जागा यांची यादी करून ती ग्रामसभेत मांडावी, ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी व महामार्ग प्राधिकरण यांना देऊन पोच घ्यावी. ढाब्यावर थांबणाऱ्या चालकांशीही दीड मीटरच्या अंतराविषयी बोलावे. तेही कोणा शाळकरी मुलीचे वडील असतात. पट्टी लावण्याचे काम आजचे, ठरावाचे काम या महिन्याचे आणि सर्व्हिस रोडचे काम अनेक वर्षांच्या चिकाटीचे आहे. ही तिन्ही एकाच वेळी हाती घेतली पाहिजेत. पट्टी लावून थांबणारा कार्यकर्ता व्यवस्थेला सूट देतो, आणि केवळ व्यवस्थेविरुद्ध बोलणारा आज संध्याकाळी घरी परतणाऱ्या सायकलस्वाराला विसरतो.

पुढे चालणाऱ्या दुर्बलाने मागच्या बलवानाला वाट द्यावी, अशी शिकवण या देशाला फार जुनी आहे आणि ती रस्त्यापुरती मर्यादित नाही. ती मोडण्याचा आरंभ रस्त्यावरूनही करता येईल. मागून येणाऱ्याने वेग आवरावा, अंतर ठेवावे आणि जागा नसेल तेथे थांबावे, एवढाच नियम खर्डीच्या रस्त्यावर रुजला तरी तेथील मजूर आणि शाळकरी मुलगी अंधार पडल्यावर निर्धास्त घरी पोहोचतील.